यारंबीलचा उंच माणूस

यंदाचा फुटबॉल चषक यारंबील गावाचाच, याबद्दल तिथल्या क्लबचे अध्यक्ष नेव्हिल यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. दरवर्षी फेब्रुवारीत ती नसतेच. एप्रिलमध्ये सामने सुरू झाले की ती येते, आणि मेपर्यंत तिची खात्री झालेली असते.

तशी परिस्थिती उत्तमच होती. गोल मारणारा बार्नी शेजारच्या मुरबिनने पळवला होता; तिथल्या पबवाल्याने त्याला कामावर ठेवलं होतं. बचावफळीचा कणा म्हणवणाऱ्या डूलीची मैत्रीण मुरबिनच्या नेटबॉल संघात गेली, तर हा कणाही तिच्यामागे वाकत वाकत गेला. आणि रकमन, म्हणजे मधोमध उंच उडी मारून चेंडू आपल्या पोरांकडे ढकलणारा ताडमाड गडी, पश्चिमेकडे खाणीत कामाला लागला होता.

"गेले ते बरंच झालं," नेव्हिल म्हणाले. "नव्या रक्ताला वाव मिळेल."

नव्या रक्तातला सगळ्यात उंच खेळाडू जेमतेम आपल्या आईच्या खांद्याला लागत होता.

टेगनला चषकाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला फक्त रकमन हवा होता. कारण तो नसला की गावाची नजर एकाच माणसाकडे वळायची, तिच्या नवऱ्याकडे. लॅकी उंच होता, हौशी होता, आणि पायऱ्या चढताना त्याचे दोन्ही गुडघे चुरमुरे चावल्यासारखे वाजायचे. हेझल जन्मली तेव्हा तिला छातीशी धरून त्याने शब्द दिला होता, "आता खेळणं बंद. नवा माणूस मिळालाच नाही, तर गोष्ट वेगळी." शब्दाला असं शेपूट असतं, हे बाळंतपणाच्या ग्लानीत टेगनच्या ध्यानात आलं नव्हतं.

म्हणून त्या दिवशी दुकानात वरच्या फळीवरची लंगोटांची पिशवी टाचही न उचलता काढून देणारा माणूस पाहिला, तेव्हा टेगनच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याचं नाव रॉरी. गव्हाच्या कोठारावर नुकताच बदलून आला होता.

"इथे संध्याकाळी पळायला मैदान आहे का हो?" त्याने विचारलं.

"आहे ना! माझा नवरा रोज तिथेच असतो. येच तू!" टेगन म्हणाली, आणि लंगोटांचे पैसे द्यायचे विसरून बाहेर पडली.

नेव्हिलनी सगळ्यांना रॉरीबद्दल तंबी दिली. "खेळणार का, असं एकानेही विचारायचं नाही! गेल्या वर्षी एकाला विचारलं, तो बुजला, आणि थेट मुरबिनला जाऊन सही करून मोकळा झाला. खाऊ घाला आणि गप्प बसा."

रॉरी पहिल्या संध्याकाळी हात पुढे करून म्हणाला, "मी रॉरी. यंदा लीगमध्ये दर शनिवारी मी..." पण तेवढ्यात नेव्हिलनी त्याच्या तोंडात गरम सॉसेज कोंबलं. पुढचं वाक्य कांद्याबरोबर पोटात गेलं.

रॉरी पळायचा मात्र हरणासारखा. सरळ पळायचा, तसाच उलटाही पळायचा.

"हे उलटं कशाला?" कुणीतरी कुजबुजलं.

"शहरातली नवी पद्धत असेल," नेव्हिल म्हणाले. "तुला काय कळतंय?"

मग त्याने सीमारेषेबाहेर उभं राहून, मैदानाकडे पाठ करून, चेंडू डोक्यावरून मागे भिरकावायला सुरुवात केली. "मी फेकतो, तुम्ही उड्या मारा." रेषेबाहेर गेलेला चेंडू असा आत फेकायचं हे पंचाचं काम सरावात कुणालाच नको असतं. हा बिचारा आपण होऊन करतो म्हणून सगळ्यांचा ऊर भरून आला. उड्या मारायला कुणी उंच माणूस नव्हता, म्हणून लॅकी उभा राहायचा. "नुसती सोबत म्हणून गं," तो टेगनला सांगायचा.

टेगन दर गुरुवारी रॉरीला चीज घातलेल्या लझानियाचं भांडं पाठवायची. तिने जुन्या रकमनची जर्सी इस्त्री करून नेली, तर रॉरी अवघडून म्हणाला, "मी ही घालणं बरं दिसणार नाही." क्लबचं गाणं सुरू झालं की तो बूट पाहत उभा राहायचा. केवढा विनम्र माणूस, म्हणून गाव भारावलं.

मार्चअखेर मुरबिनशी सरावाचा सामना ठरला. गाव लोटलं. रॉरी आला तो डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात शिट्टी अडकवून.

"हा काय अवतार?" नेव्हिलना घाम फुटला.

"सीमारेषेचा पंच. लीगने नेमलंय. पहिल्याच दिवशी सांगत होतो, तर तुम्ही सॉसेज कोंबलंत!"

सगळं गाव वळून लॅकीकडे पाहू लागलं. टेगनही वळली. लॅकी जर्सी घालून तयार होता, आणि दोन्ही गुडघ्यांवर पट्ट्या अशा सुबक बांधलेल्या होत्या की ते काम आत्ता, घाईगडबडीत झालेलं नव्हतं.

"काय करणार गं," तो जड आवाजात म्हणाला. "नवा माणूस मिळालाच नाही."

मग चेंडू जितक्या वेळा रेषेबाहेर गेला आणि रॉरीने मागे फेकला, तितक्या वेळा तो कुठे पडणार हे मैदानात एकट्या लॅकीला ठाऊक होतं. मुरबिनवाले पंचाच्या नावाने बोंबलत होते. ज्या यारंबीलने आजवर एकाही पंचाला माणसात धरलं नव्हतं, ते आज टाळ्या वाजवत होतं. संघ जिंकला. नेव्हिलनी चषक ठेवायला कपाट कुठे लावायचं ते तिथल्या तिथे ठरवलं. लॅकीला मात्र हेझलसारखंच उचलून गाडीत बसवावं लागलं.

टेगन रिकामी भांडी मागायला रॉरीकडे गेली.

"लॅकीला माहीत होतं का रे?"

"हो तर! दुसऱ्याच आठवड्यात त्याने विचारलं. म्हणाला, बाकीच्यांना सांगू नकोस, हिरमुसतील. आणि रोज थोडे जास्त चेंडू फेक."

भांडायचं ठरवून टेगन गाडीपाशी आली. लॅकीच्या गुडघ्यांवर गोठवलेल्या मटाराच्या पिशव्या होत्या. मांडीवर बसून हेझल त्यातली एक चोखत होती, आणि तो तिला शेवटची उडी हातवारे करून सांगत होता. इतका खुशीत तो वर्षभरात दिसला नव्हता. टेगनने भांडण पुढे ढकललं.

गुरुवारी ती पुन्हा लझानिया घेऊन रॉरीच्या दारात उभी राहिली.

"शनिवारी चेंडू जरा भलतीकडे टाकशील? तो चुकत राहिला, की दोन सामन्यांत संघातून वगळतील त्याला."

रॉरी ताठ झाला. "टेगन, मी पंच आहे. असलं काही माझ्याकडून होणार नाही."

"बरं." तिने भांडं त्याच्या हातात दिलं. "मग निदान जरा खाली टाक ना. फार उंच उडी नको मारायला लागायला त्याला."

रॉरी तत्त्वनिष्ठ चेहऱ्याने दूर कोठाराकडे पाहत राहिला. मग त्याने भांड्यावरचा कागद किंचित उचलला.

"यात चीज वरून जास्तीचं घातलंयस का?"