पाच डबे आणि एक गार्डाचा डबा

म्हमाणे काका कुठलीही वस्तू घेण्याआधी तिच्यावर बोटाच्या पेराने टकटक करतात आणि कान लावून ऐकतात. कलिंगडावर सगळेच करतात. काका गॅसच्या सिलिंडरवर करतात, दाराच्या चौकटीवर करतात, स्टीलच्या डब्यावर करतात. बाबांनी नवीन हेल्मेट आणलं तेव्हा काकांनी त्यावरही टकटक केली. बाबांनी ते डोक्यावरून काढेपर्यंतही काका थांबले नाहीत. "खरं बोलतंय," असा निकाल दिला. बाबा बराच वेळ कान चोळत होते.

याला कारण आहे. काकांची सगळी नोकरी कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात गेली. चाकावर हातोडी मारायची आणि ऐकायचं. चाक धड असेल तर घंटेसारखा आवाज निघतो, चीर असेल तर बद्द. निवृत्त झाल्यावर ते आणि काकू सोलापूरला, विजापूर रोडवरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायला आले. चाकं मागे राहिली, कान बरोबर आले. त्या कानांना काम हवं म्हणून काकांनी ठरवलं, घरात होम थिएटर बसवायचं.

स्पीकर लगेच आले. अडलं ते रिसीव्हरवर. रिसीव्हर म्हणजे ती काळी पेटी, जी टीव्हीचा आवाज घेते आणि खोलीभर ठेवलेल्या स्पीकरांना वाटून देते. काकांनी हे सगळं आपल्या भाषेत आणून ठेवलं होतं. "रिसीव्हर म्हणजे इंजिन. स्पीकर म्हणजे डबे. फाइव्ह पॉइंट वन म्हणजे पाच डबे आणि एक गार्डाचा डबा." गार्डाचा डबा म्हणजे धडधडणारा वूफर. वॉटचा आकडा ऐकला की ते विचारायचे, "घाटात ओढंल का पण?" त्यांचा हॉल दहा बाय बाराचा आहे.

माझा यात शिरकाव बाबांमुळे झाला. "आमची निधी इंग्लिश मीडियमची आहे, ती वाचून दाखवेल की," असं बाबा मला न विचारता बोलून गेले. झालं. दर रविवारी सकाळी दहाला काका छापील कागदांची फाइल घेऊन वर यायचे. दोन कंपन्यांच्या दोन पेट्या, त्यांची माहितीपत्रकं, लोकांनी लिहिलेले अभिप्राय. मी वाचायचं, मराठीत सांगायचं, काकांनी मान डोलवायची.

मी फारशी बोलत नाही. घरी बसून परदेशातल्या ग्राहकांच्या तक्रारींना टाइप करून उत्तरं द्यायची, अशी माझी नोकरी आहे. संध्याकाळी आई चहाला हाक मारते आणि मी 'ओ' देते तेव्हा घसा खरखरतो. सकाळपासून तो वापरलेलाच नसतो. अशा मुलीला दर रविवारी तासभर मोठ्याने वाचायचं म्हणजे शिक्षाच होती. शिवाय मराठी आकडे.

"पान फिफ्टी नाइन," मी म्हणायची.

"म्हंजे?"

"म्हणजे... एकोण... एकोणसत्तर?"

"साठाला एक कमी. एकोणसाठ. लई शिकलीस बघ तू."

अर्थ कळला नाही की मी ठोकून द्यायची. एकदा 'इम्पीडन्स' आला. तो काय असतो हे मला शाळेतही कळलं नव्हतं. मी म्हटलं, "म्हणजे... स्पीकर किती भिडस्त आहे ते."

काकांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुझ्यासारखा."

"हो."

"मग त्याला जोर लावून चालायचं न्हाय. पुढं वाच."

असे दीड वर्षाचे रविवार गेले. पेटी काही ठरेना. एकीचा आवाज चांगला तर दुसरीचा पत्रा मजबूत. महिन्यातून एकदा काका मला नवी पेठेतल्या एका शोरूममध्ये घेऊन जायचे. तिथे मला नेहमी जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं. काका सोफ्यावर बसायचे नाहीत. "घरात आमी खाली बसतो, मग हितं वर कशाला ऐकू?" असं म्हणून ते गालिच्यावर मांडी घालायचे. मग उठून पेटीच्या झाकणावर टकटक. "पत्रा पातळ हाय." विक्रेता हसू दाबायचा आणि मी दारातल्या फ्रिजची किंमत वाचत उभी राहायची. त्या फ्रिजची किंमत मला अजून पाठ आहे.

त्या दिवशी काका गालिच्यावर डोळे मिटून बसले होते, समोर आवाज चालू होता, आणि दार ढकलून माझी शाळेतली वर्गमैत्रीण आत आली. बरोबर नवरा. टीव्ही घ्यायला आले होते. तिने मला मिठी मारली, काकांकडे बघितलं आणि इंग्रजीत हळूच विचारलं, "तुझे आजोबा?"

आजवर कुणाच्याही प्रश्नाला मी इतकं झटकन उत्तर दिलेलं नाही. मीही इंग्रजीतच बोलले. मी म्हणाले, छे, नुसते शेजारी आहेत. दर महिन्याला येतात, घेत काहीच नाहीत. त्यांना खोक्यावरचं साधं नावही वाचता येत नाही, सगळं मलाच वाचून दाखवावं लागतं.

मैत्रीण हसली. विक्रेताही हसला, आणि हसता हसता त्याने रिमोटने आवाज बंद केला. घेणारच नाहीत तर कशाला वाजवायचं, असं त्यानेही ठरवून टाकलं असणार. मला त्या क्षणी फार हलकं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं हे खरं आहे. इंग्रजी ही माझी आत जाऊन कडी लावायची खोली होती, आणि काका बाहेर आहेत याची मला खात्री होती.

काका गुडघ्यावर हात टेकून उठले. वाकून चप्पल घातली. "चल, काकू वाट बघत असंल," म्हणाले. रिक्षाने घरी आलो. आमच्या जिन्यापाशी म्हणाले, "तुला लई त्रास दिला."

पुढच्या रविवारी दहा वाजले, सव्वादहा वाजले. बेल वाजली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. आईने विचारलं, "काका आजारी आहेत का गं? बघून तरी ये." मी काम आहे म्हटलं. त्यांची फाइल माझ्या टेबलावर होती. मी तिच्यावर लॅपटॉप ठेवला, पण फाइल जाड होती, लॅपटॉप डुगडुगत राहिला.

तिसऱ्या रविवारी मी फाइल परत द्यायला खाली गेले. तेही काका भाजीला बाहेर पडलेले गॅलरीतून बघून. एवढी माझी हिंमत.

"बा गं अव्वा, ये की आत," काकूंनी दार उघडलं. काकू कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीच्या, त्यांचं मराठी अर्ध्या वाटेवर कन्नडला भेटून येतं. "किती दिवस झालं. ती फाइल ना? तितं त्यांच्या वहीजवळ ठेव, टीव्हीखाली."

टीव्हीखालच्या फळीवर रिसीव्हरएवढी मोकळी जागा होती. तिच्यात एक जाडजूड वही. फाइलला जागा करायला म्हणून मी ती उचलली आणि उघडून बघितली.

वही इंग्रजीत होती. रेषा मारून केलेले तक्ते, टपोरं तिरकं अक्षर, एकही खाडाखोड नाही. मी रविवारी वाचलेलं प्रत्येक पान तिथे होतं, आणि वरच्या तारखा रविवारच्या नव्हत्या, त्याआधीच्या होत्या. इम्पीडन्सची व्याख्या आकृतीसकट लिहिलेली होती. शेजारी पेन्सिलीने मराठीत एवढंच: 'निधी म्हणते भिडस्तपणा. हे जास्त बरोबर.'

"काकू, काकांना इंग्रजी..."

"वर्कशॉपात सगळी पुस्तकं इंग्रजीच होती की. साहेबांची पत्रं हेच वाचून द्यायचे."

मी पानं उलटत गेले. मागच्या दिवाळीच्या आधी एका पानावर दोन्ही पेट्यांचे गुण मांडले होते, बेरीज केली होती, आणि खाली दोन रेघा मारून एकीचं नाव लिहिलं होतं. ठरलेलं होतं. कधीचंच ठरलेलं होतं.

"मग रिसीव्हर का नाही घेतला?"

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, की एवढंही कळत नाही का. "घेतला असता तर तू कशाला वाचून दाखवलं असतंस? आमच्या घरात बोलणारं कोण हाय? मी टीव्ही बघते, ते पेपर बघतात. रविवारी वरून आले की जेवताना तासभर सांगायचे, निधी असं म्हणाली, निधी तसं म्हणाली."

मी वही मिटली. तेवढ्यात दार वाजलं. काका भाजीची पिशवी घेऊन आत आले आणि वही माझ्या हातात बघून थांबले.

माझ्याजवळ 'सॉरी' तयार होतं. इंग्रजीतलं, गुळगुळीत, दिवसातून चाळीस वेळा अनोळखी ग्राहकांना टाइप करते ते. ते तोंडातून निघालंच नाही.

"काका, मी त्या दिवशी दुकानात..."

"आवाज लई मोठा होता तितं," ते म्हणाले. "काय ऐकू येतंय." आणि पिशवीतली मेथी काकूंपुढे ठेवत ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या जाऊन ती पेटी उचलून आणतो. उगाच घोळ घातला दीड वर्ष."

"नको," मी म्हणाले. माझा आवाज इतका मोठा आला की काकू दचकल्या. "एवढ्यात नको. एक नवीन मॉडेल आलंय. ते बघायचं राहिलंय."

आलंय की नाही मला माहीत नव्हतं. मी त्यांच्यासमोरच फोनवर शोधलं. निघालं एक, अठ्ठावीस पानांचं माहितीपत्रक. काका खाली सतरंजीवर बसले आणि जरा सरकून मला जागा केली.

"वाच," ते म्हणाले.

मी फोन त्यांच्या हातात दिला. "तुम्ही वाचा, काका. मी ऐकते."

काकांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, घसा साफ केला, आणि पहिल्या पानापासून, एकेक इंग्रजी शब्द सुटा करत, मोठ्याने वाचायला सुरुवात केली.