मनोहरकाकांनी खोडलेला बाळू

मनोहरकाका आकड्यांचं बारसं करतात. आमचे हे शेजारी टेलिफोन खात्यातून रिटायर झाले आणि यवतमाळच्या घरावर एरियल उभारून कॉम्प्युटरवर रेडिओ ऐकू लागले. त्यासाठी पायथनमध्ये स्वतः प्रोग्राम लिहिला. त्यातल्या प्रत्येक ठरलेल्या आकड्याला एका नातेवाइकाचं नाव. आवाज वाढवणारा आकडा म्हणजे ‘सुधा’, आमच्या काकू. काकूंना हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

“पयले आयकून त घे,” हे काकांचं पालुपद. ते एकदा म्हटलं, की अर्धा तास समोरच्याला बोलायची सोय नसते.

मी कॉम्प्युटर क्लास चालवते, म्हणून परवा संध्याकाळी बोलावणं आलं. “पोरी, हा प्रोग्राम काहून चालून नाही राह्यला, पाह्य बरं.”

पडद्यावर तक्रार स्वच्छ होती : ‘बाळू’ म्हणजे किती, हे कुठेच सांगितलेलं नाही.

बाळू हा काकांचा कळंबचा धाकटा भाऊ. हौशी रेडिओचा परवाना काढून तो रोज संध्याकाळी रेडिओवरून मित्रांशी गप्पा मारतो आणि काका इकडे त्या ऐकतात. गेल्या साली बोंडअळीनं कपाशी खाल्ली, म्हणून काकांनी त्याला बजावलं होतं, यंदा पुन्हा पराटी लावू नको. त्यानं लावली. काकांनी बोलणं टाकलं, रेडिओ बंद केला आणि त्याच रागात प्रोग्रामच्या माथ्यावरची त्याच्या फ्रिक्वेन्सीची, म्हणजे ‘बाळू’ची ओळही खोडली.

“एकाले काढलं, त बाकीच्याइले काय धाड भरली?”

“काका, तुम्ही त्यांना फक्त वरून काढलंत. खाली बघा, जागोजागी बाळूच आहे. त्यांच्यावाचून पुढचं काही हलत नाही.”

काका चक्क ऐकून घेत होते. मग हळूच म्हणाले, “बजारात आयकलं, यंदाबी अळी पडली, त्यानं सारी पराटी उपटून टाकली म्हने. कसा हाये, काही मालूम नाही.”

ओळ त्यांनीच टाइप केली. भावाची फ्रिक्वेन्सी तोंडपाठ होती. थोडी खरखर झाली, मग खोकला, मग बाळूकाकांचा बसलेला आवाज. कोणाला तरी सांगत होते, “आता हरभरा पेरतो, पाहू.”

मनोहरकाकांनी डोळे पुसले. मला ते त्या क्षणी फार आवडले. स्पीकरवर हात ठेवून ते वाकले आणि म्हणाले, “मफलर बांध बे. अन् एकटा नको जात जाऊ वावरात.”

“काका, हे यंत्र नुसतं ऐकतं. तुमचं बोलणं तिकडे जात नाही.”

“माहीत हाये मले,” ते म्हणाले. “म्हनून त बोलून राह्यलो.”