शाश्वती

मॅनेजमेंट कॉलेजच्या संचालकांनी दोन महिन्यांपूर्वी लिफ्टला कुलूप घातलं आणि वर कागद चिकटवला : ‘वीज वाचवा, आरोग्य कमवा.’ तिथल्या एका सरांचे सगळे वर्ग तिसऱ्या मजल्यावर. आरोग्य किती कमावलं, ते त्यांचा उजवा गुडघा रोज चढताना कुरकुरत सांगायचा. समोरच्या हाडांच्या डॉक्टरची वेळ मिळायला सहा आठवडे लागले होते, आणि ती आज पाचची होती.

“आज चुकलात तर घरी येऊच नका,” असं बायकोने बजावलं होतं.

पण आजच कॉलेजात चर्चासत्र होतं, ‘आरोग्य आणि शाश्वतता : व्यवस्थापनाची जबाबदारी’. सगळं काम अर्थातच सरांच्या गळ्यात. सकाळी फाटकाशी रंगारी शिडीवरून उतरत होता आणि वर भलामोठा फलक झळकत होता : ‘आरोग्याची शाश्वती, आमची जबाबदारी’.

“अहो, शाश्वती नाही, शाश्वतता!”

“सर, त्यात दोनदा ‘त’ आला होता. म्हटलं, घाईत चूक झाली असेल. मी सुधारून दिलं.”

“चूक नव्हती हो ती.”

“मग काय अर्थ त्याचा?”

सर गेले वर्षभर हा विषय शिकवत होते. त्यांनी सांगायला तोंड उघडलं, पुढच्या पायऱ्या आठवल्या आणि मिटलं. “राहू द्या,” ते म्हणाले. त्या दोन शब्दांनी त्यांचा घात केला.

दवाखाना होता रस्त्यापलीकडे, आणि तिथल्या पेशंटना बसायला जागा नसल्यामुळे ते फुटपाथवर ताटकळायचे. तिथून फलक लख्ख दिसत होता. दुपारी तीनला काठी टेकत एक आजीबाई रस्ता ओलांडून आल्या.

“शाश्वती इथंच देतात का?” त्यांनी वॉचमनला विचारलं. “तो डॉक्टर नुसता बघू म्हणतो.”

“तिसरा मजला. लिफ्ट बंद आहे,” वॉचमन म्हणाला.

आजीबाई पहिल्या जिन्यातच बसल्या. त्यांच्यामागून आलेले त्यांच्यामागे बसले. चार वाजेपर्यंत खालचा जिना कमरा, माना आणि गुडघे यांनी भरून गेला. सर वरून निघाले ते मधेच अडकले.

“काका, रांगेत या!” खालून कोणीतरी ओरडलं.

“अहो, मी इथं शिकवतो!”

“शिकवा की. पण रांगेत.”

सरांचे विद्यार्थी मात्र खुशीत होते. रांगेचं व्यवस्थापन त्यांना सरांनीच मागच्या आठवड्यात शिकवलं होतं. त्यांनी सगळ्यांना अंगणात नेऊन खुर्च्या मांडल्या, नंबरांच्या चिठ्ठ्या वाटल्या आणि पाटीवर नियम लिहिला : ‘ओळखीवर नंबर नाही’. वाक्य सरांचंच होतं. सरांच्या हातात चिठ्ठी आली, त्रेसष्ट.

त्यांनी दवाखान्यात फोन लावला. “पाचची वेळ आहे माझी.”

“डॉक्टर नाहीत,” तिकडची बाई वैतागून म्हणाली. “पेशंट कुठं पळाले ते बघायला समोरच्या कॉलेजात गेलेत.”

डॉक्टर भांडायलाच आले होते. पण आपलेच पेशंट गुपचूप, नंबराने, भांडण न करता बसलेले त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिले. ते एका खुर्चीवर टेकले. “पहिला नंबर कोणाचा?” ते म्हणाले. आजीबाई उठल्या.

तासाभराने चर्चासत्राचे प्रमुख पाहुणे आले, आणि अंगण बघून त्यांचे डोळेच पाणावले. “आम्ही नुसतं बोलतो. तुम्ही करून दाखवलंत!”

संचालकांना यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. “गेले कित्येक महिने तयारी चालली होती,” ते म्हणाले. “उद्यापासून आरोग्य केंद्र कायमचं सुरू. हे आमचे सर, त्याचे प्रमुख. यांना तिसऱ्या मजल्यावर स्वतंत्र खोली देतोय.”

टाळ्या पडल्या. सर खुर्चीत बसून होते. त्यांना मनापासून रडावंसं वाटत होतं, पण नंबर एकोणचाळीसच चालू होता.

सात वाजता त्रेसष्ट आला. डॉक्टरांनी गुडघा दाबला, वाकवला, कान लावून ऐकला.

“जिने एकदम बंद. सहा महिने एक पायरी चढायची नाही.”

“बरा होईल ना, डॉक्टर? नक्की?”

डॉक्टर दमले होते. त्यांनी चिठ्ठी लिहिता लिहिता पेनाने फाटकावरचा फलक दाखवला. “शाश्वती तुमच्याकडे मिळते. मी फक्त गोळ्या देतो.”

सरांनी चिठ्ठी घेतली आणि ठेवायला पिशवी शोधली. पिशवी तिसऱ्या मजल्यावर राहिली होती. घराची किल्लीही तिच्यातच होती.