सकाळी निळा, संध्याकाळी पिवळा

सासऱ्याच्या पंचाहत्तरीचा फ्लेक्स बाहेरून करून घ्यायचा नाही, आपणच करायचा, असं मानोऱ्याच्या धनराजनं ठरवलं आणि सुखातला जीव घोरात घातला. घरातल्याच पुढच्या खोलीत त्याचा फोटो स्टुडिओ. पण सासरे भाऊसिंग चारचौघांत म्हणायचे, "जवाई काय करते? बटन दाबते." एकदा तरी म्हाताऱ्याच्या तोंडून 'वा जवाई' निघावं, एवढीच बिचाऱ्याची भूक. (बाकीची सासुरवाडीच्या मटणानं भागायची.)

दिवसा त्यानं सासऱ्याचा चेहरा झकास जमवला. दिवेलागणीला पाहतो, तर स्क्रीनवर भाऊसिंग पिवळेधम्मक! त्यानं पिवळा रंग काढला, काढला, काढतच गेला. सकाळी पाहतो, तर भाऊसिंग नीळ दिलेल्या धोतरासारखे. पुन्हा पिवळा भरला. संध्याकाळी सासरा पुन्हा हळदीचा नवरदेव! धनराजनं केबल काढून फुंकली, मॉनिटर बंद-चालू केला, सॉफ्टवेअरमधली कलर प्रोफाइल बदलली. शेवटी उदबत्ती लावली.

"काहून बसले डोक्याले हात लावून?" बायको संगीतानं विचारलं.

"तुहा बाप रंग बदलून राह्यला."

"माह्या बापाचं नाव काहाडू नका. डोये धुवा अन् जेवाले या."

थकल्या डोक्यानं धनराजनं अक्कल चालवली. (इथंच घात झाला.) सकाळी जमलेल्या सासऱ्याला आता हात म्हणून लावायचा नाही. राहिला खालच्या कोपऱ्यातला 'शुभेच्छुक' जावयाचा फोटो. संध्याकाळी केलेलं सकाळी निळं पडतंच ना? मग आत्ताच पिवळा सढळ हातानं टाकून ठेवू! टाकला, आणि तसाच छापायला धाडला.

चौकात फ्लेक्स चढला. वर सासरा तजेलदार, हसतमुख. खाली धनराज, पिकलेलं लिंबू. सासूबाई सुंदरबाईंनी फ्लेक्स पाहिला, मग जावयाला धरून त्याची पापणी खाली ओढली. स्क्रीनकडे पाहून पाहून डोळ्यांची आधीच दशा झालेली.

"अवो, जवाईबापूले कावीळ झाली!"

"नाही मामी, थे मॉनिटरचं..."

"पाहा, बरळून बी राह्यले!"

पंगतीत सगळ्यांच्या ताटात तर्रीचं मटण आणि धनराजपुढे ताकभात, सोबत पेलाभर कडू काढा. संगीता वाढता वाढता कानाशी आली. "मॉनिटर म्हनाले काय? थ्यात मीच डोयाच्या आरामाची सेटिंग लावली व्हती. दिवस बुडला का आपोआप पिवळं होते. तुमचे डोये दुखत होते ना!"

धनराजनं काढ्याचा घोट घेतला.

तेवढ्यात पंगतीतून पाहुणे दौलतसिंग ओरडले, "भाऊसिंग, काय फोटो हाय तुहा फ्लेक्सवर! कोनं बनवला?"

धनराज ताठ बसला. भाऊसिंगांनी जन्मात पहिल्यांदा जावयाकडे मायेनं पाहिलं.

"वाशिमच्या एखाद्या हुशार मानसाकून करून घेतला असन बिचाऱ्यानं," ते म्हणाले. "एवढा बिमार मानूस काय बटन दाबते?"