राखीव ऑस्ट्रेलिया

सोमणकाकांनी मोटरहोममधून जवळजवळ अख्ख्या ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घातली आहे आणि त्यात पाहण्यासारखं एकही ठिकाण पाहिलेलं नाही. ही मी केलेली निंदा नव्हे, हे त्यांचं स्वतःचं म्हणणं आहे. उलुरूच्या त्या जगप्रसिद्ध खडकाला ते जाऊन आले, म्हणजे गेटपर्यंत. तिथे त्यांनी गाडी वळवली, चहा केला, प्यायले आणि परत निघाले.

"अहो, पण तो खडक लांबूनसुद्धा दिसतो म्हणे!" मी म्हटलं.

"दिसायला लागला तसा मी बाजूच्या काचेवरचा पडदा खाली ओढला," काका म्हणाले. "तो भाग राखीव."

राखीव कोणासाठी, तर सुलभाकाकूंसाठी. ग्रेट ओशन रोडचा समुद्रकिनारा राखीव, प्रवाळांचं रीफ राखीव, काकाडूचं जंगल राखीव. भारतात रेल्वेच्या डब्यावर पाटी लावतात तशी काकांनी अर्ध्या खंडावर लावून ठेवली होती.

आम्ही दक्षिणेला ट्रुगानिनाला राहायचो तेव्हा हे दोघं आमच्या शेजारी. काका पाण्याच्या पाइपलाइनींचे इंजिनिअर. मूलबाळ नाही. भटकण्याची हौस काकांना कधीच नव्हती. शहराच्या दुसऱ्या टोकाला डँडेनॉन्गला वाणसामान आणायला जायचं म्हटलं तरी आदल्या दिवसापासून कण्हायचे. हौस सगळी काकूंची. निवृत्त झालं की घर विकायचं आणि चाकांवरच्या घरात राहायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलेलं होतं. गाडीचे पडदे त्यांनी निवडले, कुकरची वाफ कोंडू नये म्हणून ओट्यावर पंखा बसवून घेतला, मिसळणाचा डबा खड्ड्यांत उपडा होऊ नये म्हणून त्याला पट्टा शिवला. काका फक्त मान डोलवायचे.

घर विकलं गेलं. गाडीची रीतसर वास्तुशांत झाली. गुरुजींनी विचारलं, "मुख्य दार कुठल्या दिशेला?" काका म्हणाले, "तुम्ही म्हणाल तिकडे वळवतो." आम्ही सगळे पोट धरून हसलो. गुरुजी हसले नाहीत, कारण त्यांना पोथीत या प्रश्नाचं उत्तर सापडत नव्हतं.

निघायच्या आठवड्यातच पुण्याहून फोन आला. काकूंच्या आई, नव्वदीच्या, न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. काकू एकुलत्या एक. महिन्याभरात येते म्हणून गेल्या, त्याला आता दोन पाडवे उलटून गेले. आजींचं हाड जुळलं, पण मन काही जुळलं नाही. त्यांना लेकीशिवाय कोणी ओळखू येईना.

काकाही गेले होते पुण्याला. पण सासूबाई रोज सकाळी त्यांना पाहून "चोर आला, चोर आला" म्हणून ओरडायच्या. पहिल्या दिवशी शेजारचे लोक काठ्या घेऊन आले. नंतर नंतर ते खिडकीतूनच "काय सोमण, झाला का चहा?" असं विचारायला लागले. शेवटी आजींनी जेवण टाकलं, तेव्हा काकूच म्हणाल्या, "तुम्ही परत जा हो. मी येतेच."

परत जायचं कुठे? घर विकलेलं. उरली गाडी. एखादी खोली भाड्याने घेऊन थांबा, असं सगळ्यांनी सुचवलं. काकांचं उत्तर ठरलेलं, "गाडी उभी राहिली की बिघडते." मग ज्याला डँडेनॉन्ग लांब वाटायचं तो माणूस देशभर फिरायला लागला. पण पाहायचं काय, तर जे काकूंना फुकट दिलं तरी नको असेल तेवढंच. धरणं, पंपहाउसं, धान्याच्या कोठ्या, वजनकाटे. मोटरहोमचा संडास रिकामा करायची जी सार्वजनिक जागा असते, तिला इथे डम्प पॉइंट म्हणतात. काकांना प्रत्येक गावाची ओळख त्या डम्प पॉइंटवरून आहे. एखादं गाव छान आहे असं ते म्हणाले की समजावं, तिथे नळाला दाब चांगला आहे.

कॅरॅव्हॅन पार्कमध्ये इतर निवृत्त मंडळी संध्याकाळी खुर्च्या टाकून बसतात आणि आपापली प्रेक्षणीय स्थळं सांगतात. काका त्यांना पंपहाउस सांगायचे. एक गोरे आजोबा म्हणे शेवटी न राहवून म्हणाले, "यू ड्रोव्ह ऑल धिस वे फॉर अ पंप, मेट?" काका म्हणाले, "नो वरीज, इट वॉज अ व्हेरी गुड पंप."

मधल्या काळात मला पार उत्तरेला डार्विनच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. यंदा पावसाळा संपून हवा जरा माणसात आल्यावर काका आमच्या दारात हजर. गाडी रस्त्याच्या कडेला, आमच्या खिडकीतून त्यांच्या गाडीत विजेची वायर, आणि रोज सकाळी दारात हाक, "मेधा, चहाला आलं आहे का गं?" दोन दिवसांसाठी आले होते. तीन आठवडे झाले तरी वायर तशीच. मी वैतागले नाही असं म्हणणार नाही. पण ते कुंड्यांना पाणी घालायचे, गळके नळ दुरुस्त करायचे, आणि न गळणारेही उघडून बघायचे.

एकदा त्यांना मिंडिल बीचवर नेलं. तिथे संध्याकाळी सगळं गाव सूर्यास्त बघायला वाळूवर बसतं आणि सूर्य बुडाला की टाळ्या वाजवतं. काका समुद्राकडे पाठ करून बसले आणि भजी खायला लागले.

माझ्या मुलीने विचारलं, "आई, व्हाय इज ही लुकिंग ॲट द कार पार्क?"

"बिकॉज कार पार्क राखीव नाही," काकांनी तिला समजावलं. मागे टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "झालं का?"

मला हसू आलं आणि चीडही आली. मी म्हटलं, "काका, पूजेला यजमानीण नसली तर तिच्या जागी सुपारी मांडतात ना? तशी काकूंच्या नावाची सुपारी शेजारी ठेवा आणि बघून घ्या एकदाचं."

"देवाला चालतं गं, तो चालवून घेतो," काका म्हणाले. "पण सुपारीला दिसणार काय?"

या माणसाला वेडा म्हणावं की काय, ते मला तेव्हा ठरवता येईना. तो रोज काकूंशी फोनवर बोलायचा आणि रोज एकच प्रश्न विचारायचा, "मग, पुढच्या महिन्याचं बघायचं का?" आणि काकू रोज म्हणायच्या, "बघू."

एका रविवारी दुपारी काका आमच्या टेबलाशी बसून वाटाणे सोलत होते. हात गुंतलेले म्हणून फोन स्पीकरवर. नेहमीचा प्रश्न विचारून झाला. पण काकू "बघू" म्हणाल्या नाहीत.

"अहो, ऐका. मी नाही हो येऊ शकत. आई आहे तोवर नाही. आणि ती असावी असंच मला वाटतं, मग तुम्हाला तारीख कशी देऊ? रोज तुम्हाला बघू म्हणते आणि दिवसभर मन खात राहतं. तुम्ही बघून घ्या सगळं. माझ्यासाठी अडून राहू नका."

मी उठून जायला लागले, तर काकांनी हातानेच बस म्हटलं. एकटं राहायचं नव्हतं त्यांना त्या फोनबरोबर.

"बरं," ते म्हणाले. "तुझा खोकला कसा आहे?"

फोन ठेवल्यावर त्यांनी उरलेले सगळे वाटाणे सोलले. मग आतले दाणे टोपलीत आणि टरफलं पातेल्यात टाकली आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते पुन्हा निवडत बसले. मी मदतीला हात घातला तर म्हणाले, "राहू दे, मला काम आहे हे."

दुसऱ्या दिवशी आल्याची हाक आली नाही. आली ती वेगळीच. "मेधा, तुला सुट्टी कधी? लिचफिल्डला धबधबा आहे म्हणे. तू येतेस का? मला एकट्याने बघायची सवय नाही."

गुरुवारी आम्ही दोघं गेलो. वाटेत काका सारखे माझ्याशी पाइपांच्या जाडीबद्दल बोलत होते. वाहनतळापासून पायवाट संपली आणि झाडांमधून एकदम तो समोर आला. लाल कड्यावरून दोन धारा खाली कोसळत होत्या, खाली हिरवं, तळ दिसणारं पाणी, त्यात पोहणारी माणसं. मी आजवर इतकं सुंदर काही पाहिलेलं नाही. काका मात्र कपड्यांसकट पाण्यात उतरले. छातीभर पाण्यात उभे राहून ते वर बघत राहिले. बऱ्याच वेळाने तोंडावरून हात फिरवत बाहेर आले, आणि त्यांचे डोळे लाल झाले होते ते काही पाण्याने नव्हते.

तिथे फोन लागत नाही. परतताना पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा रेंज आली आणि काकांनी पुण्याला फोन लावला.

"पाहिलात?" काकूंचा आवाज अधीर होता. "कसा आहे हो?"

काकांचा सदरा अजून ओला होता. त्यांनी समोरच्या लाल मातीकडे पाहिलं.

"काही खास नाही गं," ते म्हणाले. "उगाच गवगवा करून ठेवलाय लोकांनी. आपल्या लोणावळ्याला भुशी डॅमवर याहून जास्त पाणी असतं. तुझं काही हुकलं नाही. खोटं वाटत असेल तर मेधाला विचार."

आणि त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मला त्यांची फार माया आली आणि मी फोन घेतला.

"हो काकू," मी म्हटलं. "अगदीच सुमार आहे."

"हो का?" पलीकडून काकूंनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं बाई. मला उगीच रुखरुख लागून राहिली होती."

काकांनी फोन परत घेतला आणि सासूबाईंनी आज नीट खाल्लं का, ते विचारलं.