साडेसहा सेंटिमीटरचं वांगं

आमचे शेजारी रशीदचाचा वांगी वजनावर घेत नाहीत, मापून घेतात. वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं माल तपासायचं काम केलं. निवृत्त झाले तरी मोजमापाचा तो लोखंडी व्हर्नियर काही खिशातून निघाला नाही. बजाजनगरच्या बाजारात ते गाड्यासमोर उभे राहतात आणि एकेक वांगं त्या व्हर्नियरमध्ये धरतात. "साडेसहा पाहिजे, हे सात भरलं. माल रिजेक्ट!"

"चाचा, भाजी करायची का मशीनला बसवायचं?" भाजीवाला वैतागतो.

"चित्र काढायचंय," चाचा शांतपणे सांगतात.

कारण उतारवयात त्यांना तैलरंगांचं वेड लागलंय. पुढच्या खोलीत टेबलावर पितळी तांब्या, लसणाची गड्डी आणि एक वांगं. टेबलाला धक्का लागू नये म्हणून आलेल्या माणसानं भिंतीला चिकटून आत जायचं. मीही निमूटपणे तसाच जातो.

यंदा बाबा गेले आणि आईनं घराबाहेर पडणंच सोडलं. तीन महिने नुसती बसून. जेव म्हटलं तर दोन घास. आता आईही हातची जाते की काय, या धास्तीनं माझी झोप उडाली होती.

एके सकाळी चाचा दारात हजर. "भाभी, तुम्हीच वाचवा. तेलाचा रंग लई सावकाश वाळतो, तोवर वांगं टिकत नाय. रोज ताजं लागतं. अन् मला तर आता कुणी गाड्याला हात लावू देत नाय." त्यांनी व्हर्नियर आईच्या हातात ठेवला.

"येडा माणूस हाय बाई," आई पुटपुटली. पण चपला घातल्या.

मग रोजच जाऊ लागली. "आज मापाचं मिळंना, पार मागच्या गल्लीपर्यंत गेले," असं सांगता सांगता पुरती भाकरी संपवू लागली.

परवा ती बाजारात गेलेली असताना मी चाचांकडे गेलो. चित्रातल्या तांब्याला सहज बोट लावलं, रंग बोटाला आला. वांग्याला लावलं, तर ठणठणीत कोरडं.

"चाचा, वांगं तर कधीच पुरं झालंय!"

"हळू बोल, बेटा." त्यांनी फाटकाकडे नजर टाकली. "तुझी सलमाचाची गेली तवा मी पण असाच बसलो होतो. दोन साल. मला कुणी बाजारात धाडलं नाय."

मी बोटाला लागलेला रंग रुमालाला पुसून टाकला. तेवढ्यात फाटक वाजलं आणि आईची हाक आली. चाचांनी घाईघाईनं ब्रश उचलला आणि रंगात न बुडवताच त्या कोरड्या वांग्यावरून फिरवू लागले.