तुम्हाला कुठल्या अंगानं हललं?

आमच्या काळेवाडीच्या सोसायटीत नवा भाडेकरू आला की लोक त्याला गाव विचारतात, कंपनी विचारतात. बिराजदारकाका विचारतात, "भूकंपात सापडलात का कधी?" नाही म्हणालं तर काका हिरमुसतात. हो म्हणालं तर त्याला चहा मिळतो आणि तासभर सुटका नसते. काका मूळचे लातूरकडचे. आकुर्डीच्या एका कंपनीत फिटर होते, आता निवृत्त. एकटेच राहतात, आमच्या समोरच्या दारात.

त्यामुळे गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी खरोखरच जमीन हलली, तेव्हा काकांना कोण आनंद झाला. भांडी खणखणली, पंखा डुलला, दोन-तीन क्षणांत सगळं शांत. सगळी बिल्डिंग खाली पार्किंगमध्ये जमली आणि काका प्रत्येकापुढे जाऊन उभे.

"तुम्हाला कुठल्या अंगानं हललं?"

सेक्रेटरी कदमांना कुठल्याच अंगानं हललं नव्हतं. "भूकंप कसला, चाकणचा कंटेनर गेला असेल रस्त्यानं," ते म्हणाले. त्यांचा फ्लॅट विकायला काढलेला होता आणि त्याच दुपारी गिऱ्हाईक बघायला येणार होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या शिंदेताई म्हणाल्या, अख्खी भिंत डोळ्यांदेखत फाटली. ती भेगा पडलेली भिंत दुरुस्त करून द्या म्हणून त्या दोन पावसाळे सोसायटीशी भांडत होत्या. चाकणच्या कारखान्यात जाणारा वाघमारे फोनवर सुपरवायझरला सांगत होता, "बिल्डिंग झोपाळ्यागत हलतीय राव, सेकंड शिफ्टला कसा येऊ?" तेव्हा तो कदमांच्या स्कूटरला टेकून वडापाव खात होता.

मी म्हणालो, "जिना सुरक्षित आहे का बघायला मी आधी उतरलो." आमची सौ. म्हणाली, "टीव्हीचा रिमोट घेऊन उतरले. मला हाकही नाही मारली."

काकांनी सगळ्यांचं मन लावून ऐकलं. "आसं व्हय? मग पुढं?" आणि प्रत्येकाला शेवटी एकच, "तुमचं बी खरंच हाय."

दुपारी ते आमच्याकडे चहाला आले, तरी गडी रंगातच होता. शिंदेताईंची भिंत, वाघमारेचा झोपाळा, सगळं हातवारे करून पुन्हा सांगितलं. मला राहवलं नाही. "काका, अहो, कदमांचंही खरं आणि शिंदेताईंचंही खरं, असं कसं होईल? कुणीतरी खोटं बोलतंयच ना."

काकांनी बशी खाली ठेवली.

"आमच्याकडं मोठा भूकंप झाला, तवा मी हितं कंपनीत होतो," ते म्हणाले. "गावी पोचलो तर घर न्हाई. धाकटी बहीण गेली. एकजण म्हणला, दारापर्यंत आलती. दुसरा म्हणला, लई वेळ हाका मारत होती. चुलती म्हणली, झोपेतच गेली, तिला काही कळलंच न्हाई."

"मग खरं काय होतं?"

"चुलती त्या दिवशी गावातच नव्हती. लेकीकडं गेलती. पण आईला मी चुलतीचंच सांगितलं. आई असंपर्यंत तेच सांगत आलो. आता चुलतीला खोटी कसं म्हणू?"

सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती येऊन काकांसमोर बसली.

"काका, ताईंचं नाव काय होतं?"

काकांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं समोरासमोर राहून हे त्यांना आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

"रुक्मिण," ते म्हणाले. मग सावरून बसले. भूकंप बाजूला राहिला आणि अंधार पडेपर्यंत काका रुक्मिणीचंच सांगत राहिले.

"ज्वारीत पाखरं राखायला बसवायचो तिला. माळ्यावर उभी राहून गोफण अशी गरागरा फिरवायची, आमचं वडील लांबून बघून खूश. अन् जवळ जाऊन बघावं, तर गोफणीत खडाच नसायचा."